आधी लगीन ब्रेकचं!

मंडळी, मागल्या गणेशोत्सवात आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली आणि सगळे प्रसादाच्या रांगेत उभे राहिले. पण हॉलबाहेरच्या कार पार्कमध्ये एक दुसरीच रांग लागली होती, आणि तिच्यात लहान पोरांपेक्षा त्यांचे बापच जास्त होते. सगळ्यांना आमची जुनी व्हॅन आतून बघायची होती. "किती खर्च आला हो?", "किती वर्षं लागली?" आणि "हा रंग कुठला?" या तीन प्रश्नांची उत्तरं आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी निदान चाळीस वेळा दिली असतील. चौथा प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही: "कशाच्या आधी काय केलंत?"

खरं सांगायचं तर आमचे पैसे, आमची वर्षं आणि काही दिवस आमच्या घरातली शांतता, हे सगळं त्या चौथ्या प्रश्नावरच अडलं होतं. म्हणून संपादकांनी "लिहा की यावर" असा आग्रह धरला, तेव्हा आम्ही ठरवलं की लिहायचं ते कामाच्या क्रमाबद्दलच. व्हॅन नसलेल्या वाचकांनी कंटाळू नये. स्वयंपाकघर नवं करायचं असो की मुंज घालायची असो, क्रम चुकला की काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

व्हॅन घरी कशी आली

आमचे नाना १९६८ साली या देशात आले. मिडलंड्समधल्या एका मोटार कारखान्यात आधी फिटर म्हणून लागले आणि पुढे प्लॅनिंग ऑफिसात गेले. कुठला भाग कुठल्या दिवशी कुठल्या बाकावर पोचला पाहिजे, हे ठरवण्यात त्यांची वीस वर्षं गेली. १९७७ साली त्यांनी एक सेकंडहँड फोक्सवॅगन कॅम्पर घेतली. शाळेला सुट्टी लागली की आम्हा सगळ्यांना तिच्यात भरून ते बार्मथला न्यायचे. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव म्हणजे बर्मिंगहॅमकडच्या माणसांची पिढ्यान् पिढ्यांची चौपाटी. गाडीतल्या दोन बर्नरच्या शेगडीवर आई पोहे करायची, आणि नाना दार सरकवून समुद्राकडे तोंड करून चहा प्यायचे. १९८४ साली ती गाडी विकली. तिच्या पैशांत आमच्या घराचं छत दुरुस्त झालं.

२०१५ साली आई गेली. नाना बोलायचे कमी झाले. २०१८ च्या वसंतात एका शेतकऱ्याच्या कोठारात तशीच एक गाडी विकायला असल्याचं कळलं. १९७५ सालची, उघडणाऱ्या छताची, मागे १६०० सी.सी.चं हवेनं थंड होणारं इंजिन. आम्ही ती घेतली आणि ट्रेलरवर घालून घरी आणली. नाना बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि एवढंच म्हणाले, "हिच्या जॅक लावायच्या जागा बघितल्यात का?"

आम्ही बघितल्या नव्हत्या.

थोडा इतिहास सांगतो. बेन पॉन नावाच्या एका डच व्यापाऱ्यानं १९४७ साली वहीच्या पानावर एका डबेवजा गाडीचं चित्र काढलं, आणि १९५० साली जर्मनीत तिचं उत्पादन सुरू झालं. १९६७ मध्ये तिचं रूप बदललं. पुढे मधोमध विभागलेल्या काचेऐवजी एकच मोठी, बाहेर वळलेली काच आली. आमची गाडी या दुसऱ्या अवताराची. जर्मनीत तो १९७९ पर्यंत बनत होता, ब्राझीलमध्ये तर २०१३ अखेरपर्यंत. त्यामुळे हिचे पत्र्याचे आणि इंजिनाचे बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात. पण म्हणूनच गफलत होते! सगळं मिळतं म्हटल्यावर माणूस आधी काय घेतो? जे डोळ्याला आवडतं ते.

बाजारात तुरी

आमची पहिली खरेदी होती पडद्यांचं कापड. हसू नका. चाकं जागची हलत नव्हती आणि आम्ही पडद्यांच्या रंगावरून तीन दिवस वाद घातला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आमच्याच घरात जन्मली असावी असं वाटायला लागलं.

दुसरी चूक महागाची होती. त्या वर्षीच्या गणपतीला गाडी मिरवायची हौस म्हणून आम्ही ती एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगला दिली. त्यांनी गंजावर लांबी भरली, घासली, आणि वर सुंदर निळा रंग मारला. सगळ्यांनी वाहवा केली. पहिला हिवाळा गेला, आणि फेब्रुवारीत दारांखालच्या पट्टीवर तांदळाएवढे फोड आले. मार्चमध्ये ते लिंबाएवढे झाले. आम्ही एका फोडाला स्क्रू-ड्रायव्हरनं हळूच टोचलं तर तो मुठीपर्यंत आत गेला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. ट्रकला खाली स्वतंत्र चासी असते आणि तिच्यावर वरचा भाग बसवलेला असतो. या व्हॅनला तसा सुटा सांगाडा नाही. तिचं खालचं पोलाद आणि वरचा पत्रा एकमेकांना वेल्ड केलेला आहे, आणि सगळं वजन दोघं मिळून पेलतात. दारांखालची ती पट्टी, जिला इथे सिल म्हणतात, ती शोभेची नाही. ती आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन थरांची पोकळ तुळई आहे. बाहेरचा थर चकचकीत दिसत असताना आतले दोन कुजलेले असू शकतात. आमचे होतेच. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. आणि सिल बदलायची म्हणजे वेल्डिंग आलं, म्हणजे आजूबाजूचा सगळा नवा रंग जळणार. निळ्या रंगाचे पैसे पाण्यात गेले.

तिसरी चूक आम्ही रागाच्या भरात केली. "आता सगळं मुळापासून!" असं म्हणून २०१९ च्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांत गाडी सुटी केली. काचा, दारं, सीटा, वायरी, इंजिन, सगळं. नट-बोल्ट आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत टाकले आणि डब्यांवर काही लिहिलं नाही, कारण "लक्षात राहील की!" मग २०२० साल आलं. लॉकडाऊनमध्ये लोकांनी घरी पाव भाजले. आम्ही गॅरेजचं दार उघडायचो, बघायचो, आणि परत लावायचो. एक ना धड, भाराभर चिंध्या. ज्यांनी जुन्या गाडीचं काम अर्ध्यावर सोडलंय त्यांना विचारा, बहुतेकांची गोष्ट याच पायरीवर संपते. गाडी खोक्यांत भरूनच विकली जाते. आम्हीही जाहिरात लिहून ठेवली होती.

वॉलपेपरची मागची बाजू

२०२१ च्या ऑगस्टमध्ये नानांच्या डोळ्यांची तपासणी झाली. वयोमानानं होणारा मॅक्युलाचा विकार, कोरड्या प्रकारचा. यात कडेची नजर राहते, पण मधली हळूहळू जाते. किती वेळात जाईल ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नव्हतं. गाडीत परत येताना कुणीच बोललं नाही. घरी आल्यावर नाना म्हणाले, "ती व्हॅन विकायची म्हणत होतात ना?"

"नाना, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जाहिरात किचनच्या टेबलावर पडली होती सूनबाई, तेवढं अजून वाचता येतं." मग जरा थांबून म्हणाले, "बार्मथला एकदा जायचं होतं. तिच्यातूनच. रंगाचं मला काही नाही. रंग तुम्हाला होईल तेव्हा करा. समुद्र अजून दिसतो, तोवर जाऊ."

आम्ही म्हटलं, "अहो पण नाना, सगळं सुटं पडलंय. नीट करायचं तर चार-पाच वर्षं लागतील."

"नीट म्हणजे काय?" नाना म्हणाले. "कागद आणा."

माळ्यावर उरलेला वॉलपेपरचा रोल होता. त्याची मागची कोरी बाजू डायनिंग टेबलावर पसरली आणि रात्री अकरापर्यंत नाना सांगत गेले, आम्ही लिहीत गेलो. प्रत्येक काम एका चौकोनात. आणि प्रत्येक कामाला तीन प्रश्न.

पहिला: याच्या आधी काय झालेलं असलं पाहिजे?

दुसरा: हे काम करताना आधी केलेलं कुठलं काम बिघडेल?

तिसरा: हे झालं आणि इथेच थांबावं लागलं, तर गाडी कशी राहील?

पहिले दोन प्रश्न कुठलंही पुस्तक सांगतं. वेल्डिंग रंगाच्या आधी, रंग काचांच्या आधी, वायरिंग छताच्या अस्तराच्या आधी. तिसरा प्रश्न नानांचा. "कारखान्यात संप व्हायचा," ते म्हणाले, "वीज जायची, माल यायचा नाही. काम थांबणारच, हे धरूनच आखायचं. थांबलो तिथे काहीतरी पुरं झालेलं हवं." मग त्यांनी तीन जाड रेघा मारायला सांगितल्या. वारीला जसे ठरलेले मुक्काम असतात तसे आपले तीन मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला गाडी स्वतःच्या चाकांवर, चालती असली पाहिजे. रात्रीचा तळ पडला की मगच पुढच्या दिवसाची चाल.

आम्ही विचारलं, "मग सुरुवात कशानं?"

"तानाजीनं काय सांगितलं? आधी लगीन कोंढाण्याचं. आपला कोंढाणा म्हणजे ब्रेक. पण ब्रेक बसवायला गाडी शिल्लक पाहिजे, म्हणून त्याच्या आधी पत्रा."

तो कागद पुढे दोन वर्षं गॅरेजच्या भिंतीवर, कालनिर्णयच्या शेजारी लटकत होता.

पहिला मुक्काम : मोडू नये, थांबावी, चालावी

पहिला महिना आम्ही एकही पाना फिरवला नाही. डबे उघडले, प्रत्येक बोल्ट ओळखून पिशवीत घातला आणि पिशवीवर लिहिलं. जे ओळखता आलं नाही त्याची वेगळी पिशवी केली. नानांनी तिला 'वनवास' असं नाव दिलं. गंज कुठे कुठे आहे ते खडूनं गाडीवरच खुणा करून फोटो काढले. या जातीच्या गाडीत बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: दोन्ही बाजूंच्या सिल, जॅक लावायच्या जागा, जमिनीखालच्या आडव्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड आणि छताची पन्हळ.

वेल्डिंगसाठी आमच्यातली एक जण जवळच्या कॉलेजात संध्याकाळचा कोर्स करून आली (दुसऱ्यानं घरी स्वयंपाक केला, दोघंही भाजलो). पण सिलसारखं वजन पेलणारं काम आम्ही शिकाऊ हातांनी केलं नाही. त्यासाठी मंडळातलेच एक निवृत्त वेल्डर काका, मूळचे कोल्हापूरकडचे, शनिवारी यायचे. त्यांचा क्रम असा होता.

आधी बॅटरीच्या तारा सोडायच्या आणि पेट्रोलची टाकी गाडीबाहेर काढून लांब ठेवायची. या गाडीत टाकी इंजिनाच्या पुढे, एका पडद्यामागे असते, त्यामुळे इंजिन उतरवल्याशिवाय तिच्याशी पोचता येत नाही. आमचं इंजिन रागाच्या भरात आधीच उतरवलेलं होतं. त्या रागाचा एवढा एकच फायदा.

मग गाडी सपाट फरशीवर, चाकांच्या जोडणीपाशी स्टँड लावून, सगळीकडून सारखी उभी करायची. दारांच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या टाकून तात्पुरत्या वेल्ड करायच्या, म्हणजे सिल कापल्यावर गाडी मधून वाकणार नाही. कापायच्या आधी मापं लिहून ठेवायची. एका वेळी एकच बाजू. आतून बाहेर: आधी जॅकच्या जागा आणि आडव्या पट्ट्या, मग आतली सिल, मग मधली, आणि बाहेरची अगदी शेवटी. बाहेरची पक्की करण्याआधी दारं लावून, उघडून-मिटून बघायची. काका म्हणायचे, "दार लागलं तर गाडी सरळ. दार घासलं तर अजून वेळ गेलेली नाही." एकदा घासलं. टाके तोडले, जॅकनं जराशी उचलली, परत लावलं. आधी रंग केला असता तर हे कळलंच नसतं.

वेल्डिंग संपलं ते २०२२ च्या मे महिन्यात. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारला. साधा प्रायमर ओल शोषून घेतो, त्यामुळे तो उघडा ठेवून पावसात फिरलं तर खालून गंज परत सुरू होतो. इपॉक्सीचा थर पाणी आत जाऊ देत नाही. वर्षभर रंगाविना चालवायची असेल तर हा फरक फार मोठा.

मग कोंढाणा. पुढे डिस्क, मागे ड्रम. रबरी नळ्या आतून फुगलेल्या, पोलादी नळ्या गंजलेल्या, मास्टर सिलिंडर गळका. आम्ही एकही जुना भाग ठेवला नाही. जुन्या ड्रममधली धूळ फुंकायची नाही, हेही नानांनी बजावलं. ब्रिटननं १९९९ साली पूर्ण बंदी घालेपर्यंत ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि मागचं अस्तर कुठल्या काळातलं ते कुणी सांगावं? मास्क, ओलं फडकं, बंद पिशवी. टायरही नवे घेतले. जुन्यांवरची नक्षी शाबूत होती, पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. आमचे २००४ चे होते.

त्यानंतर इंजिन. ते बाहेर होतं तोवरच त्याच्या आसपासची सगळी कामं उरकली, कारण शंभर किलोच्या आसपासचं धूड दर वेळी उतरवणं-चढवणं म्हणजे खेळ नाही. क्लच, गिअरबॉक्सच्या बाजूचं ऑईल सील, टाकीची साफसफाई, आणि पेट्रोलच्या झाडून सगळ्या नळ्या. या नळ्यांकडे दुर्लक्ष करू नका, बरं का! या गाड्या इंजिनाला आग लागून जळतात त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे तडकलेली पेट्रोलची नळी. शिवाय सप्टेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमधल्या पंपांवर साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते जुन्या रबराला खातं. आम्ही इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या आणि तरीही ई-५ म्हणजे 'सुपर'च भरतो. इंजिनाभोवतीची रबरी पट्टीही नवी लावली. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला खालची तापलेली हवा वर येऊन चालत नाही, आणि ती अडवणारी ही साधीशी पट्टीच असते.

इंजिन लगेच चावी फिरवून सुरू केलं नाही. नवं तेल घातलं (मावतंच जेमतेम अडीच लिटर), हातानं फिरवून बघितलं, व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर ठेवली. मग १२ नोव्हेंबरच्या शनिवारी नानांना खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बसवलं आणि चावी फिरवली. तिसऱ्या प्रयत्नाला पकडलं. शिवणयंत्र आणि फटाके यांच्या मधला तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. नाना डोळे मिटून ऐकत होते. "एक सिलिंडर जरा आळशी आहे," ते म्हणाले. तपासलं तर खरंच एका प्लगची तार सैल होती.

एका गोष्टीवर मात्र आम्हा दोघांचा मोठा वाद झाला. काचा! नवी रबरं रंगानंतरच बसवायची, कारण रंग रबराखालच्या कडेपर्यंत गेला पाहिजे. म्हणजे रंगाआधी काचा लावल्या तर त्या परत काढाव्या लागणार. दुप्पट काम. आमच्यातला एक म्हणाला, "क्रम म्हणजे क्रम. थांबू, आधी रंग करू." दुसरी म्हणाली, "रंगाला आणखी दीड वर्ष. नानांकडे आहे का ते?" शेवटी कागदासमोर उभे राहिलो. जुनी रबरं तात्पुरती वापरून काचा लावायला आणि पुढे परत काढायला आमचे मिळून दोन शनिवार जादा जाणार होते. दोन शनिवार! त्यावर एवढं भांडलो याची लाज वाटली. काचा लावल्या.

ग्रेट ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून सक्तीच्या वार्षिक तपासणीतून, म्हणजे एमओटीतून सूट आहे. पण गाडी सुरक्षित ठेवायची जबाबदारी मालकाचीच. आम्ही सूट न घेता तपासणी करून घेतली. आपल्या कामातल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. तपासनिसानं एक मागचा दिवा आणि हँडब्रेकची तार, एवढंच काढलं.

बार्मथ

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही निघालो. राखाडी प्रायमरची, पडदे नसलेली, आत नुसत्या पुढच्या सीटा आणि मागे पट्ट्यानं नीट बसवलेला एक बाक. श्रूजबरी, वेल्शपूल, मग डोंगर. डॉल्गेलाउच्या अलीकडच्या घाटात मागे बारा गाड्यांची वरात. नाना पुढे बसले होते आणि गिअर कधी बदलायचा ते आवाजावरून सांगत होते. उतारावर एकानं ब्रेकवर पाय ठेवला, गाडी सरळ रेषेत सावकाश झाली, आणि कुणीच काही बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

बार्मथला खाडीवर एक लांब लाकडी रेल्वे पूल आहे, १८६७ साली खुला झालेला. त्या वर्षांत त्याचीही मोठी दुरुस्ती चालू होती. पूल काही आठवडे बंद ठेवायचा, ठरलेला भाग पुरा करायचा, पुन्हा गाड्या सोडायच्या, आणि पुढच्या टप्प्याला परत बंद. आम्ही ते नानांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "बघा," म्हणाले, "माझ्यासारखंच कुणीतरी बसलंय तिथल्या ऑफिसात."

किनाऱ्यावर गाडी उभी केली, दार सरकवलं. गाडीतली शेगडी अजून जोडलेली नव्हती, म्हणून कॅम्पिंगचा स्टोव्ह बाहेर गवतावर मांडून पोहे केले. नाना चहाचा कप घेऊन दारात बसले. मधली नजर बरीच गेली होती, म्हणून ते मान जराशी तिरकी करून, कडेच्या नजरेनं समुद्र बघत होते. खूप वेळ बसले. मग म्हणाले, "पोह्यात शेंगदाणे कमी आहेत. तुझी आई जास्त घालायची."

दुसरा आणि तिसरा मुक्काम

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण घाई संपली होती आणि क्रम हातात होता.

दुसरा मुक्काम म्हणजे गाडी कोरडी करणं. काचा काढल्या, काचेखालच्या कडांचा गंज साफ केला, छताची पन्हळ दुरुस्त केली, मग रंग. रंग वाळून पक्का झाल्यावर सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा मारला. हे मेण आधी मारायचं नाही. ते झिरपतं आणि त्याच्यावर रंग धरत नाही. शिवाय जवळ वेल्डिंग केलं तर पेट घेतं. त्यानंतर राहिलेलं वायरिंग छताखालून ओढून घेतलं, मग छताचं अस्तर, आणि मग काचा नव्या रबरांसकट. अस्तराची कड खिडकीच्या रबराखाली दबते, म्हणून काचा त्याच्यानंतर. पहिल्या जोरदार पावसात आम्ही टॉर्च घेऊन आत बसलो. एका कोपऱ्यात ठिबकलं, तो कोपरा परत केला. हे आतल्या लाकडी कामाच्या आधी बघितलं म्हणून वाचलो.

तिसरा मुक्काम म्हणजे घर. आतलं अस्तर, फळ्या, कपाटं, पलंग. गॅसचं काम आम्ही स्वतः केलं नाही. ते नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडून करून घेतलं आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म बसवला. सगळ्यात शेवटी, २०२५ च्या उन्हाळ्यात, पडदे. २०१८ साली घेतलेलं ते कापड तोवर कपाटात घडीवर विरलं होतं. नवं आणलं.

आमच्यासारखं वेड कुणाच्या डोक्यात शिरलं असेल तर एवढंच सांगतो. नीट ठेवायचं ते पहिलं हत्यार म्हणजे कागद आणि मार्कर पेन. काही सुटं करायच्या आधी फोटो काढा, पिशव्यांवर नावं लिहा. स्क्रू-ड्रायव्हर गाडी घेण्याआधी टोचा. ज्याची पाळी आली नाही ती वस्तू स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. जे काम जिवावर बेतू शकतं ते जाणत्याला द्या. आणि आखलेल्या कामाच्या मधोमध तीन तरी जागा अशा ठेवा की तिथे थांबलं तरी गाडी चालत असेल. कारण थांबावं लागतंच. कधी पैसे संपतात, कधी उत्साह, आणि कधी कुणाची नजर.

तर त्या गणेशोत्सवाच्या संध्याकाळची गोष्ट पुरी करतो. नाना व्हॅनच्या सरकत्या दारात बसले होते, आता एक्क्याऐंशी वर्षांचे. एका चिमुरडीनं त्यांना विचारलं, "आजोबा, ही गाडी कुठल्या रंगाची आहे, ब्ल्यू की ग्रीन?"

नाना हसून म्हणाले, "बाळ, ते ह्यांना विचार. माझ्याकडे ब्रेकचं खातं होतं."

गाडी पुढच्या कार्यक्रमालाही येणार आहे. जरूर बघायला या. चहा मिळेल. पोह्यांत शेंगदाणेही भरपूर असतील.